शनिवारचं तेल

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुला कॉम्प्युटरबद्दल लिहायला बसल्ये. तू असतीस तर म्हणाली असतीस, दुसरं काही सुचलं नाही का गो तुला? नाही सुचलं. काल शेजाऱ्यांनी बोलावलं, त्यांचा कॉम्प्युटर भारी गेम लावला की मधेच बंद पडतो म्हणून. मी काही विचारायच्या आधी मागे हात धरून पाहिला, पंख्याची हवा लागते का. लागत होती. दोष दुसराच निघाला, पण घरी आले ती तुला डोक्यात घेऊनच.

आपला टायपिंगचा क्लास. बाबा गेल्यावर त्या टाइपरायटरांवर तू मला वाढवलीस. मग काळ बदलतोय हे तुला माझ्याआधी कळलं. मला मुंबईला मावशीकडे ठेवून कोर्स करायला लावलास, आणि मी परत आले तशी सगळी मशीनं विकून कॉम्प्युटर आणलास. गावात तेव्हा कॉम्प्युटर नुसता बघायलासुद्धा लोक चपला काढून आत यायचे. मशीनं टेम्पोत चढत होती तेव्हा तू बाहेर आली नाहीस, आत भांडी घासत राहिलीस. ती लांब चोचीची तेलाची कुप्पी तेवढी तू दिली नाहीस. दर शनिवारी मारुतीला तेल वाहून आलीस की मशीनांना तेल, हा तुझा नेम. "इथलं वारं खारं आहे. लोखंडाला तेल नाही दिलं तर भुगा होतो," म्हणायचीस. आणि त्यात काही खोटं नव्हतं, आपल्या खिडकीचे गज मी गंजून तुटताना पाहिलेत.

पत्रं, पगारपत्रकं, सगळं त्या कॉम्प्युटरवर सुरळीत चालायचं. पण मुलं यायची ती विमानाच्या खेळासाठी. तो खेळ लावायचा तर पुढचं टर्बोचं बटण दाबायला लागायचं, म्हणजे कॉम्प्युटर जोरात पळायचा. त्या उन्हाळ्यात काय झालं कोण जाणे, विमान वर चढलं की थोड्या वेळात पडदा गोठायचा. बंद करून चालू करा, पुन्हा तेच. मी सगळं करून पाहिलं. व्होल्टेज पडतं म्हणून स्टॅबिलायझर बदलला. दुसऱ्या फ्लॉपीवरून खेळ लावला. कार्डं काढून त्यांचे पितळी दात खोडरबराने घासले, मेमरीच्या चिपा अंगठ्याने दाबून बसवल्या. एवढं करूनही विमान पडायचंच. त्यातल्या त्यात बरं म्हणजे मागची घरघर कमी झाली होती. "घराला सरावला बघ," तू म्हणालीस, आणि मलाही ते ऐकून बरं वाटलं.

मग हातखंब्याकडच्या एका शाळेचे हेडमास्तर आणि कमिटीचे दोघे बघायला येणार असं ठरलं. जूनपासून त्यांची मुलं आपल्याकडे पाठवायची की बाजारातल्या नव्या क्लासला, हे त्यावर होतं. मी म्हटलं, विमान नको, पत्र दाखवू. तू ऐकतेस कुठली. "पत्र मी टाइपरायटरवरसुद्धा करत होत्ये. त्यात काय बघायचंय? विमान दाखव." मे महिना, पत्र्याखालची ती खोली, आणि तू सगळ्यांना कोकम सरबत देत्येस. विमान वर चढतं, खाली समुद्र दिसायला लागतो, कमिटीवाले पुढे वाकतात. आणि पडदा गोठतो. मी बटणं दाबत राहते. शेवटी एक जण पेला खाली ठेवत म्हणतो, "बाई, तुमचं विमान आमच्या पोरांना घेऊन पडलं असतं हो." सगळे हसले, तूही हसलीस. त्यांना फाटकापर्यंत सोडून परत आलीस, आणि दारातूनच म्हणालीस, "हिच्या भरवशावर मी माझी मशीनं घालवली."

तू आत गेल्यावर मी वायर काढली आणि आजवर कधी उघडला नव्हता तो मागचा पॉवर सप्लायचा डबा उघडला. आधी वास आला. तुझ्या तेलाचा. पंख्यावर धूळ, कापूस आणि तेल मिळून काकवीसारखा थर बसला होता. बोटाने ढकललं तर पातं जेमतेम फिरायचं. घरघर कमी झाली होती ती त्यामुळे. जोरात पळायला लागला की कॉम्प्युटर आतल्या आत उकडून निघत होता. तू आत नारळ खवत होतीस. "काय झालं होतं गो?" म्हणून विचारलंस. कुप्पी तुझ्या शेजारच्या फळीवर होती, पुसून ठेवलेली. मी म्हटलं, "माझंच चुकलं. एक जोड सैल राहिला होता."

"वाटलंच मला," तू म्हणालीस, आणि खवत राहिलीस.

पंखा रॉकेलच्या फडक्याने पुसून बसवला. त्या संध्याकाळी विमान पडलं नाही. कितीतरी वेळ समुद्रावर घिरट्या घालत राहिलं, बघायला मात्र कोणी नव्हतं. शाळा बाजारातल्या क्लासला गेली. तू दर शनिवारी मारुतीहून येऊन मागच्या जाळीतून तेल सोडत राहिलीस आणि मी दर रविवारी ते पुसत राहिले, तू अंथरुणाला खिळलीस तोपर्यंत. तुझ्या हाताला त्या घरात तेवढंच एक काम उरलं होतं, ते कसं काढून घेणार होत्ये मी?

सिव्हिलमध्ये शेवटी मावशी तुझ्या उशाशी बसलेली. मी पाणी घेऊन दारात आल्ये, आणि तू तिला सांगत्येस, "मी तेलपाणी केलं म्हणून तो कॉम्प्युटर टिकला. हिच्या हातात काही नाही." मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी पेला तुझ्या तोंडाला लावला आणि तू प्यायलीस.

हा कागद मी घडी करून कपाटात ठेवणार आहे. पाठवायची सोय असती तरी पाठवला नसता. तुझ्या तेलाने काय झालं ते तुला कळायला नको, अजूनही नको. मावशी अधूनमधून विचारते, तेव्हा कसं गो सहन केलंस? मी म्हणते, आईचं बोलणं ते, मी मनावर घेतलंच नाही.

घेतलं होतं, आई. अजून आहे.