सायट सोपी झाली, सोयरीक अवघड

तीर्थस्वरूप दाजींना,

नायगावहून विरूपाक्षचा शरणु शरणार्थी. इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा पुन्हा धरला असं अक्का फोनवर म्हणाली. तेल कोमट करून लावत जा (डॉक्टरच्या गोळ्या चालू ठेवल्यात म्हणून तेलाला राग येत नाही). अक्काची साखर कशी आहे हे तिला विचारलं तर ती चांगलीच सांगते, म्हणून तुम्हाला विचारतोय.

पत्रास कारण तुमचे चिरंजीव शिवप्रसाद. तक्रार नाही. पोरगा हुशार आहे, आणि आमच्या कापड दुकानाची वेबसाइट त्याने मामाची म्हणून फुकट करून दिली. पहिली सायट माझ्या सांगण्यावरून झाली होती. आपल्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला माणसं आली की आधी पाणी, मग गाव कोणतं, लग्न मुलाचं की मुलीचं, सोयरे कुठले, एवढं झाल्याशिवाय आपण गठ्ठा सोडत नाही. सायटीवरही मी तसंच करायला लावलं. आलेल्याने आधी हे सगळं भरायचं, मगच साडी दिसायची. (पाण्याचं काही जमेना, म्हणून तांब्याचं चित्र टाकलं.) दिवाळीत शिवप्रसाद आला, बघून म्हणाला, मामा, माणसं दारातूनच पळून चालली आहेत. मग गल्ल्याशेजारी बसून त्याने सगळं सोपं केलं. चौकशा काढल्या, अक्षरं मोठी केली, भाव साडीच्या डोक्यावर लिहिला, स्वस्तापासून महागापर्यंत ओळ लावली. वर एक नवलाची सोय केली. कुठल्याही साडीचा फोटो काढून टाका, आपल्याकडे तशी असेल तर भावासकट समोर हजर. मलाही कौतुक वाटलं, खोटं का बोलू.

सायटीवर जत्रा लोटली. विकत मात्र कोणी घेईना. शिवप्रसाद म्हणाला, धीर धरा. मी धरला. हळूहळू ध्यानात आलं की लग्नाची तिथी झाली की दुसऱ्या दिवशी गर्दी उसळते. माणसं साडी घ्यायला येतच नव्हती. आहेरात आलेली साडी केवढ्याची, हे बघायला येत होती.

त्यातल्याच एक इस्लापूरच्या महामायाबाई. आमचे जुने गिऱ्हाईक शेषेराव, त्यांची लेक सिंधु या बाईंच्या घरात दिली आहे. बस्ता आमच्याकडचाच. विहिणीच्या मानाची साडी शेषेरावांनी हलकी घेतली आणि खोका तेवढा भारी मागून घेतला. (यात नवं काही नाही. सगळेच मागतात, आणि आम्ही सगळ्यांनाच देतो.) बाईंनी साडीचा फोटो टाकला, तर ती ओळीत अगदी पहिली निघाली, स्वस्ताच्या बाजूने. तेव्हापासून सिंधुला उठता बसता तीच साडी. चहात साखर कमी पडली तरी, "तुझ्या बापाच्या साडीवानी फिक्का झालाय."

शेषेराव दुकानात आले. चहाला हात लावला नाही. "अप्पा, तुमची सायट लई सोपी करून ठिवली. पन माझ्या लेकराला नांदणं अवघड झालं," एवढंच बोलले आणि उपरण्याने डोळे पुसले. दाजी, मला फार वाईट वाटलं. लहानपणी याच दुकानात कापडाच्या ढिगावर झोपी जायची ती पोर. पण व्यापाऱ्याने नुसतं वाईट वाटून घेऊन काय करायचं? मी शिवप्रसादने शिकवल्याप्रमाणे सायट उघडली आणि त्या साडीचा भाव चौपट करून टाकला. शेषेरावांना म्हटलं, पोरीला सांगा, आधीचा भाव चुकून पडला होता, सासूबाईंना पुन्हा बघायला लाव.

बाईंनी पुन्हा बघितलं. इस्लापुरात शांतता झाली. तीच साडी नेसून बाई बारशापासून बारावीच्या सत्कारापर्यंत सगळीकडे फिरू लागल्या. मी निर्धास्त झालो, आणि मागच्या आठवड्यात महामायाबाई स्वतः दुकानात हजर! धाकट्या लेकीच्या सासूला अगदी तश्शीच साडी पाहिजे म्हणे. खरा भाव सांगावा तर सिंधुचे हाल पुन्हा सुरू, चौपट घ्यावा तर महादेवाला काय तोंड दाखवू? मी नुसत्या घड्या उलगडत बसलो. बाईंना तेवढा धीर नव्हता. "सायटीवरचा भाव मला सांगू नगा. म्या काय आज बाजार बघून राहिले का?" म्हणून त्यांनी घासाघीस सुरू केली. मी रडवेलं तोंड करून उतरत गेलो. बऱ्याच वेळाने आम्ही खऱ्या भावावर पोचलो. माझा जीव भांड्यात पडला, पण बाई थांबेनात. (मला दोनदा पाणी प्यावं लागलं.) शेवटी खरेदीच्याही खाली साडी बांधून दिली. पायरी उतरताना बाई म्हणाल्या, "सिंधुचा बाप लई भोळा हाय बगा. समदा भाव मोजून आला. पोरीसाठी जीव टाकनारा मानूस." हे ऐकून तोटा मी आनंदाने सोसला.

आता गोष्ट शेषेरावांच्या पोटात राहिली नाही. बस्त्याला येणारी माणसं साडीचा पोत बघायच्या आधी विचारतात, अप्पा, सायटीवर केवढ्याची दाखवाल? मी विचारतो, केवढ्याची दाखवू? दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सायटीवर एकही साडी जात नाही, पण बघायला सगळा जिल्हा येतो, आणि ज्याला जे बघायचं ते चटकन सापडतं. सोपी म्हणतात ती याहून काय वेगळी असते, मला ठाऊक नाही.

तुमचा मेहुणा,
विरूपाक्ष

ता. क. शिवप्रसादचा फोन आला होता. मामा, सायटीवरचे भाव सगळे चुकले आहेत, रविवारी येऊन दुरुस्त करतो म्हणाला. दाजी, हात जोडतो, त्याला आवरा. लग्नसराई संपेपर्यंत त्याला नायगावची गाडी धरू देऊ नका. बऱ्याच लेकी नव्यानेच नांदायला गेल्या आहेत.

आणखी एक. पत्रासोबत अक्कासाठी साडी पाठवतोय. फोटो काढून बघितल्याशिवाय ती राहायची नाही, बहीण माझीच आहे. खुशाल बघू द्या, पण मंगळवारपासून. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा निवांत बसून त्या साडीचा भाव चढवायचा आहे.