माळ्यावरचा कवड्या

३ सप्टेंबर २००७
शुद्धलेखन चुकंल, माफी. टायपिंग एका बोटाने, एका ओळीला दहा मिनिटं. कॉम्प्युटर आदेशदादाचा, तो कंपनीत असला की मी बसतो. वाचणार कोण नाय, तरी माफी.
आठवीत शाळा सोडली. उत्तरं येत होती, उभं राहून सांगायला आवडत नाय. आता सापांचा अभ्यास. मामाने भातसानगरवरनं सापांचा तक्ता आणलाय. विषारी चार पाठ झाले: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मामाच्या पोरीला, समीक्षाला, म्हणून दाखवणार. वर्षभरात मुरबाड तालुक्यात माझ्यासारखा जाणकार नसंल.

५ सप्टेंबर
गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यात साप! आईने हाक मारली. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गेलो. शेपूट दिसलं. काळं, पांढरे पट्टे. आई म्हणाली, मण्यार का रे नवशा? शेजारची ताराबाई खाली उभी. म्हणाली, चढा की मास्तर, का शिडीची पूजा घालताय?
मी म्हणालो, कवड्या. बिनविषारी. राहू दे, उंदीर खाईल.
जाणकाराला लांबनं कळतं.

संध्याकाळी
तक्ता बघितला. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू, शेपटीकडे पुसट. मण्यारचे मागून सुरू, शेपटीकडे ठळक. मी बघितले ते ठळक होते. पण माळ्यावर अंधार. अंधारात पांढरं ठळकच दिसतं, सायन्स आहे.

६ सप्टेंबर, सकाळी ७
आई म्हशीसाठी पेंढा काढायला माळ्यावर. मी ओट्यावर बसून आकडे मोजले. एकशे बाराला खाली आली. दोन्ही हात ठीक. म्हणजे कवड्याच.
उद्या वर जाऊन खवलं बघणार. मण्यारच्या पाठीवर मधली खवलं मोठी, सहा कोनांची. त्यासाठी दोन फुटांवर जावं लागतं. टॉर्चला सेल पाहिजेत.

७ सप्टेंबर
सेल आणायला टोकावड्याला गेलो. दुकानात बायका. मागायला लाज वाटली. परत आलो.
आई एकशे चाळीसला उतरली. उशीर का?

८ सप्टेंबर
दादाने सेल आणले. चार पायऱ्या चढलो, एक जास्त. वर सळसळलं. खाली उतरलो, शिडी जुनी आहे.

९ सप्टेंबर
तक्त्याच्या मागे लिहिलंय, मण्यारचा दंश दुखत नाय. कळत पण नाय. मग पापण्या जड होतात, मग श्वास. मागची बाजू वाचायला नको होती.
जेवताना आई म्हणाली, बोटाला काय टोचलं काय माहीत. तिच्या पापण्या बघत बसलो. म्हणाली, काय बघतोस रे, भूत लागलं?

१० सप्टेंबर
आई शिडीवर. मी ओरडलो, आख्ख्या आळीला ऐकू गेलं. आई, हात नको घालू, मण्यार असंल, मला ठाऊक नाय, काय पण ठाऊक नाय!
ताराबाई धावत आली. आई शिडीवरनंच म्हणाली, ओरडू नको रे. तू कवड्या म्हणालास, त्या दिवसापासून लांब काठीनेच पेंढा ओढते मी.
दुपारी वाडीवरचा साप धरणारा कमळूकाका आला. एकदा बघितलं, म्हणाला, मण्यार. काठीने मडक्यात घेतला, रानात सोडला. तक्ता मागितला पण नाय.
मी जवळपास बरोबर होतो. दोघे काळे, दोघांना पट्टे. फरक फक्त विषाचा.

मामाच्या समीक्षाचं लग्न जमलं. पोरगा वाशिंदचा. चार नावं म्हणून दाखवायची राहिली.