होळीला जाड, दसऱ्याला पातळ

१३ मार्च, होळी

घातलं! पातळच घातलं!

अप्पांचा नियम — होळीला जाड, दसऱ्याला पातळ. आजोबांनी मिठागर सोडून पहिला ट्रक घेतला तेव्हापासून आमच्या या पेणच्या गॅरेजात वर्षातून दोनदा तेल बदलतं, बॉनेटपुढे नारळ फुटतो. ट्रकला ठीक आहे. पण हितेशची गाडी ट्रक आहे का? टर्बोची, शर्यतीची गाडी. आतल्या वाटा सुईएवढ्या. गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय — पाच-तीसचं पातळ तेल, बारा महिने. वाचून दाखवलं तर अप्पा सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाले, "पोरींनी डोक्याला लावायच्या तेलाचं बघावं. उन्हात पातळ तेलाचं पाणी व्हतं. जाड वीस-पन्नास घाल गो!" सगळे फिदीफिदी हसले. हितेशही हसला. माझा धाकटा भाऊ! त्याच्या चड्डीची नाडी मी बांधायचे.

मग काय, सगळे नारळाकडे गेल्यावर वीस-पन्नासचा डबा रिकामा केला, त्यात पाच-तीस भरलं. अप्पांच्या डोळ्यांदेखत ओतलं. त्यांनी डबा बघितला, धार नाही बघितली.

एप्रिलात खोपोलीला शर्यत आहे. गाडी जिंकली की सांगणार — तेल माझं होतं. नऊ वर्षं हात काळे केलेत मी इथे. मग बघते गॅरेज कोणाला देतात ते.

२० एप्रिल

पहिला नंबर! आणि माझ्या तोंडाला कुलूप!

अप्पा रिकामा डबा डोक्यावर घेऊन नाचले. "बापाचं जाड तेल! जाड!" मी पुढे झाले — "अप्पा, त्या डब्यात —" "गप गो. भावाचं यश हाय, मधी तोंड घालू नको." आणि सगळ्यांसमोर गॅरेजची चावी हितेशच्या हातात. "आजपासून तू मालक. हिचं लग्न उरकून टाकू."

हितेश माझ्याकडे बघत होता. मग चावी कमरेला खोचली. आईने माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी मागच्या बाजूला जाऊन तो थुंकला.

२१ एप्रिल

मरोत सगळे.

२ ऑक्टोबर, दसरा

अप्पांनी स्वतःचाच नियम मोडला! तीन पिढ्यांत पहिल्यांदा. "जिंकलेलं तेल बदलायचं न्हाय. तिच्यात परत जाडच जाईल." बाकी सगळ्या गाड्यांत पातळ, हितेशच्या गाडीत जाड. वर थंडी येतेय, डिसेंबरात दुसरी शर्यत. गाढवाला गुळाची चव काय!

हितेश म्हणतो, "ताई, तूच घाल हां. तुझ्या हातचं लाभतं."

लाभतं म्हणे! चावी कमरेला लावून मला डिवचतोय. लाभू दे. खरं वीस-पन्नास घेतलं, सील फोडलं, शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. काकवीसारखं सावकाश उतरत होतं. अप्पा खूश. बापाचा शब्द पाळणारी लेक मी!

२३ नोव्हेंबर

थंडी पडली. सकाळी गाडी खडखडते. "ताई, आवाज बघ गो जरा."

गार इंजिनात जाड तेल वर चढायला वेळ घेतं, तोवर टर्बो कोरडा फिरतो, झिजतो. मला माहीत आहे. मी म्हटलं, "थंडीचं होतं तसं. काही नाही." मान डोलावून गेला! बाईला काय कळतं म्हणणाऱ्या घरात बाईचा शब्द पटकन पटला. चहा दोनदा प्यायले.

१४ डिसेंबर

सकाळी सातची शर्यत. गारठा. एवढंच सांगायचं होतं — पाच मिनिटं चालू ठेव, मग पळव. नाही सांगितलं. झेंडा पडला आणि त्याने गार गाडी तशीच पिळली.

अर्ध्या वाटेत इंजिन जाम. चाकं अडकली. गाडी गरगर फिरून बांधावर आदळली. दरवाजा कापून काढला त्याला. उजवा पाय...

मला फक्त इंजिन जायला हवं होतं. पाय नव्हता मागितला.

१७ डिसेंबर

गुडघ्याखालून काढला पाय.

हॉस्पिटलच्या जिन्यात अप्पांनी चावी माझ्या हातावर ठेवली. म्हातारे दिसले एकदम. "पोरा, तुझंच ऐकाया पायजे होतं. आता तूच बघ सगळं." जन्मात पहिल्यांदा मला पोरा म्हणाले.

मी चावी घेतली. आत भाऊ अर्धा पडलाय आणि मला चावीचं वजन बरं वाटलं. लिहून ठेवते. नंतर खोटं बोलायला नको.

२० डिसेंबर

आज हितेश बोलला. अप्पा औषधं आणायला गेल्यावर.

"ताई, होळीच्या दुसऱ्या दिवशीच मी डिपस्टिक काढून तेल बघितलेलं. पातळ होतं. कळलं, तुझं काम. अप्पांना बोललो न्हाय. मालक व्हायचं होतं ना मला... चुकलं गो."

मग थोडं पाणी मागितलं. प्यायला.

"दसऱ्याला बघितलंच न्हाय. म्हटलं, ताई हाय."