टँकरवरचा चौथा दिवस

१४ ऑक्टोबर, रविवार
दुपारचे दोन

ती. बाबा,

नमस्कार. निघताना पाया पडायचं राहून गेलं, तेव्हा एक तो आणि एक आजचा, असे दोन धरा. इथे येऊन आठ दिवस झाले. मी ठणठणीत आहे. आईला सांगा, तिने बॅगेत बळेच कोंबलेला स्वेटर पहिल्याच सकाळी बाहेर निघाला. तिला हे ऐकून किती बरं वाटेल ते मला ठाऊक आहे.

समुद्र ओलांडून आलो खरा, पण समुद्र काही दिसला नाही. विमानाला खिडक्याच नव्हत्या. नऊ तास समोरच्याच्या गुडघ्यांत गुडघे अडकवून बसलो होतो. उतरल्यावर अर्धा तास सगळे म्हाताऱ्यांसारखे चालत होते.

आमचा मुक्काम एका बंद शाळेत आहे. एका वर्गात वीस जण. फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडवलेलं गणित तसंच आहे, आम्ही कुणी ते पुसत नाही. इथली लढाई थांबून दोन महिने झाले, पण आम्ही आलो तेव्हा गावाचं पाणी बंदच होतं. ते टँकरने पोचवायचं, दिवसातून दोन खेपा, हे आमचं काम. टँकर मीच चालवतो. क्लच इतका जड आहे की संध्याकाळी डावा पाय माझा वाटत नाही. आणि हो, क्लचवर पाय ठेवून चालवत नाही. तुम्ही विचारणार हे माहीत होतं.

आमच्या हवालदारांना सगळे ‘कासव’ म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात. बुटाची नाडी बांधायला त्यांना जितका वेळ लागतो तितक्यात माझी आंघोळ होते. निघण्याआधी प्रत्येक चाकाचा प्रत्येक नट हाताने चाचपतात. रस्ता संशयाचा वाटला तर खाली उतरून टँकरच्या पुढे चालत जातात, आणि मी मागून पहिल्या गिअरमध्ये. पहिले तीन दिवस मी त्यांच्या चालण्याची नक्कल करून वर्गाला हसवलं. चौथ्या दिवशी पाणी वाटताना थोडी गडबड झाली, पण विशेष काही नाही.

हवा कोरडी आहे. ओठ फुटतात. धाकटीची परीक्षा कशी झाली? तिला म्हणावं, नुसतं ‘बरी गेली’ असं कळवू नकोस.

बाबा, इथवर लिहून मी पत्र बंद करणार होतो. तेवढ्यात कासव शेजारी येऊन बसले. म्हणाले, “घरी कळवलंस का चौथ्या दिवसाचं?”

म्हटलं, “नाही. उगाच घाबरतील.”

“घाबरू दे की. तू खोटं कळवलंस तर त्यांनी काळजी तरी कशाची करायची?”

म्हणून हे दुसरं पान.

त्या दुपारी चौकात टँकर लावला. बायका, पोरं, म्हातारे, सगळे बादल्या घेऊन रांगेत. मी टँकरच्या पुढच्या बाजूला बंदूक घेऊन पहाऱ्याला, कासव आणि दुभाषी मागे पाइपाशी. एवढ्यात समोरच्या गल्लीतून एक माणूस पळत आला. साठीचा, अंगात लांब कोट, आणि एक हात कोटाच्या आत. तो ओरडत होता. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी “थांब!” म्हणून ओरडलो, तेही आपल्या भाषेत. त्याला काय कळणार? तो येतच राहिला.

मी बंदूक रोखली. सेफ्टीचा खटका काढला. बोट घोड्यावर होतं, बाबा. कानात नुसता सूं आवाज. मला त्याच्या कोटाची तेवढी बटणं दिसत होती, बाकी काही नाही.

आणि मग बटणं दिसेनाशी झाली. मध्ये कासवांची पाठ होती. ते पळत आले नव्हते. नेहमीसारखेच, सावकाश, चालत आले आणि माझ्या नळीसमोर उभे राहिले. मागे न बघता म्हणाले, “बोट काढ. घाई नाही.” मग त्यांनी स्वतःची बंदूक जमिनीवर ठेवली, मांडी घातली आणि त्या माणसाला हाताने खुणावलं, बस.

तो माणूस थबकला, आणि खरंच त्यांच्यासमोर खाली बसला. धापा टाकत त्याने कोटातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ताटाएवढा पितळी पंखा होता. दुभाष्याने सांगितलं, हा गावच्या पंपावरचा जुना फिटर. लढाई सुरू झाली त्या दिवशी पंप खोलून त्याच्या पोटातला, पाणी वर ढकलणारा पंखा घरी नेला, कारण तो गेला तर तसा दुसरा मिळणार नव्हता. घर दोनदा लुटलं गेलं. पंखा त्याने चुलीच्या राखेत पुरून ठेवला होता. पाणी वाटणारे लोक आलेत हे कळल्यावर घेऊन पळत सुटला. ओरडत होता ते एवढंच: “पंप सुरू करू या!”

मी टँकरच्या पायरीवर बसलो आणि सगळ्या रांगेसमोर रडलो.

कासव मला रागावले नाहीत. आमच्या साहेबांना सगळं खरं सांगितलं, माझ्यादेखत. मग दोन दिवस मला पंपघरावर त्या फिटरच्या हाताखाली दिलं, बंदुकीशिवाय. मी पाने पुढे करायचो, तो बोल्ट पिळायचा. पहिल्या दिवशी मी दुभाष्याकडून माफी मागितली. फिटरने हातातला बोल्ट आधी पिळून घेतला. मग म्हणाला, “मीही घाबरलो होतो. पण माझ्या हातात पंखा होता.” सातव्या दिवशी नळाला पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ. फिटरने पहिला पेला भरला आणि कासवांना दिला. त्यांनी तो प्यायलाही केवढा वेळ घेतला!

आता कासवांची नक्कल कुणी करायला सांगितली तर मी करत नाही. जमतच नाही, बाबा. त्या पाठीइतकं शांत मला उभंच राहता येत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, “ज्यांचं भांडण आपल्याला ठाऊक नाही तिथे बंदूक घेऊन गेलास, तर समोरचा प्रत्येक जण तुला शत्रूच दिसेल.” मी म्हणालो, “भीती तुम्हाला वाटते, मला नाही.” तुम्ही आतल्या खोलीत गेलात ते सकाळपर्यंत बाहेर आला नाहीत, आणि मीही दार वाजवलं नाही. ते दार वाजवायला मला आठ दिवस आणि एक समुद्र लागला.

मी परत येणार नाही, म्हणजे मुदत संपेपर्यंत. इथे काम आहे आणि मला ते शिकायचंय. पण तुमचं बोलणं चुकीचं नव्हतं.

पहिलं पान आईला मोठ्याने वाचून दाखवा. हे दुसरं तुमच्यासाठी. तिला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उत्तरात रागावलात तरी चालेल, पण उत्तर लिहा.

भ्यालेला, सुखरूप असलेला,
तुमचाच
मुलगा