पाणपोईवरचं वाक्य

प्रिय अब्बा,

उद्या पेंटर येणार आहे, आणि त्याच्याआधी तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही गेल्यापासून घरात भांडायलाही कुणी उरलं नाही, म्हणून लिहितेय.

केजच्या बसस्टँडजवळ तुमच्या आठवणीत पाणपोई बांधलीय. चांगली झालीय, सावलीत आहे. भिंतीवर तुमचं ते वाक्य लिहायचं ठरलं: दार वाजवणाऱ्याला आधी पाणी द्या, नाव मागून विचारा. मी खूश होते. काल खडूने आखलेली अक्षरं बघायला गेले, तर वाक्याखाली लिहिलेलं, 'कुरआन शरीफ'.

मशीद कमिटीचे हमीदचाचा तिथंच होते. मी म्हटलं, चाचा, ही कुरआनातली आयत नाही, हे अब्बांचं बोलणं आहे.

"न्हाई बेटा, जुम्म्याला मी सोता त्यांच्या तोंडून ऐकलंय. आयतीच्या मागंच सांगायचे ते."

बघा, हे तुमच्यामुळे झालं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर तुम्ही आयतीचा अर्थ सोप्या भाषेत सांगायचात आणि श्वासही न घेता आपलं एक वाक्य पुढे जोडायचात. मध्ये जरा थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

मला मात्र तुम्ही फरक ओळखायला शिकवलंत. बांगड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की पुस्तकावर रुमाल टाकून काहीतरी वाचायचात आणि विचारायचात, "सांग, बोलतंय कोण?" किती चिडायचे मी! पण कान तयार झाला. कुरआनात अल्लाह पहाटेची, अंजिराची, धापा टाकत धावणाऱ्या घोड्यांची शपथ घेतो. आत्ता 'तो' असतो, लगेच 'आम्ही' होतो, आणि मग सरळ आपल्यालाच प्रश्न विचारतो. हदीस तशी नसते. तिथं कुणी कुणाकडून ऐकलं ती नावं आधी येतात, मग पैगंबरांना कुणीतरी काही विचारतं आणि उत्तर मिळतं. बुजुर्गांचं बोलणं आणखी निराळं, बाजेवर बसून समजावल्यासारखं. त्यात मीठ, भाकरी, उंबरा, पाणी.

तुमचं वाक्य बाजेवरचं आहे, अब्बा.

हे सगळं चाचांना सांगितलं. तर म्हणाले, "आसल तुझं खरं. पण कुरआनाचं म्हटलं की लोक ऐकतेत. चांगल्या कामाला कावून अडवतीस?"

मला राग आला. बोलणं चांगलं असलं म्हणून माणसाचं अल्लाहच्या नावावर टाकायचं? तुम्हाला हे सहन झालं असतं का? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ते शब्द पूस आणि माझंही नाव नको. पहिलं ऐकेन. दुसरं ऐकणार नाही.

उद्या पेंटरच्या आधी मी तिथं असेन. नमाजआधी करतात तशी हात-तोंड-पाय धुऊन वजू करून जाईन, कारण ते दोन पवित्र शब्द पुसायचे आहेत. तुमचा रुमाल नेणार आहे. चाचांना बाकावर बसवून आधी आयत वाचेन, मग हदीस, मग तुमचं वाक्य, आणि विचारेन, बोलतंय कोण? चाळीस वर्षं तुमच्या शेजारी नमाज पढलेला माणूस आहे तो, ओळखेल. नाही ओळखलं तरी खाली तुमचंच नाव लागेल, हा माझा शब्द.

घरात तुमचा आवाज आता कुठंच येत नाही. त्या एका वाक्यात तेवढे तुम्ही बोलता. अल्लाहकडे तुम्ही स्वतः आहात, अब्बा. वाक्य आमच्याकडे राहू द्या.

तुमची भांडखोर,
नसीम