दारातल्या माणसाचं उत्तर

नाही, बाई, मी तिला हाकललं नाही. चहा दिला, खुर्चीवर बसवलं, पंखा तिच्याकडे वळवला. आवाज चढला ते खरं. पण माझा आवाज तसाच आहे, मशीनच्या खडखडाटावरून बोलायची सवय लागली ती सुटली नाही. सुनेने आतून दोनदा डोकावून बघितलं, मी म्हटलं तू तुझं बघ. कोणी भांडायला आलं नव्हतं. पीएचडी करणारी मुलगी आली होती, संख्याशास्त्रात नोकरी केलेल्या बायकांवर ती काहीतरी लिहितेय. कोण कुठे शिकल्या, कुठे लागल्या, किती वर चढल्या, का सोडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं नाव तिच्याकडे होतं. ऑफिसच्या कुठल्याशा जुन्या फोटोत तुमच्या मागे मी उभी आहे म्हणे, तिथून माग काढत आली. मी म्हटलं, मी नववीत शाळा सोडलेली बाई, मला काय विचारतेस? ती म्हणाली, आजी, तुम्ही त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचात ना, मग तुम्हालाच विचारायचंय.

बसायचे खरी. वरळीचं ते ऑफिस, वर उंच खिडक्या, समुद्राचा वारा आला की कागद उडायचे म्हणून खिडक्या बंद, आणि आत आम्ही घामाघूम. हाताने हँडल फिरवायची ती हिशोबाची मशीनं. मला पाणी भरायला आणि कागद इकडचे तिकडे करायला घेतलं होतं. तुम्ही एक दिवस मला मशीनवर बसवलंत, कोणाला न विचारता. साहेब ओरडले तर म्हणालात, हिचा हात स्थिर आहे, बाकी मी शिकवते. शिकवलंतही. प्रेमाने वगैरे नाही. चुकलं की पेन्सिलीने टेबलावर टकटक, आणि पुन्हा पहिल्यापासून. मला ते बरं वाटायचं. घरी चुकलं की आई रडायची, त्यापेक्षा टकटक परवडली.

आता मला राग कशाचा आला ते सांगते. मुलगी म्हणाली, तुमच्या मुलाला ती आधी भेटून आली. तो म्हणाला, आईला आकड्यांची आवड होती, बाबांनी तिला कधी अडवलं नाही, पुढे आम्ही मोठे झालो, दहावी-बारावी आली, तेव्हा तिने आपणहून घराला प्राधान्य दिलं. त्या मुलीने तसंच लिहून घेतलं होतं. माझं डोकं फिरलं. मी तिला लालबागचं सांगितलं.

गिरणी कामगारांच्या घरांचा तो सर्व्हे. मी तिथलीच म्हणून तुम्ही मला आमच्याच चाळींत धाडलंत. एका खोलीच्या दारात नवरा बनियनवर उभा, दुसऱ्या पाळीला जायचा असेल. मी विचारलं, घरातली बाई काय काम करते? तो म्हणाला, काही नाही, घरीच असते. मी लिहिलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते वाचलंत आणि पर्स उचलून माझ्याबरोबर त्याच खोलीवर निघालात. कडक स्टार्चची साडी, आमच्या जिन्यातला तो काळोख, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही नवऱ्याला नमस्कार केलात, त्याच्या बाजूने सरळ आत गेलात, त्या बाईसमोर पाटावर बसलात आणि विचारलंत, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत? ती हसली. काय करतलंय, म्हणाली, जेवाण नि भांडी. कोणाचं जेवण? तेव्हा बाहेर आलं. गिरणीतले एकटे राहणारे गडी, गावाहून आलेले, दोन्ही पाळ्यांचे, तिच्याकडे जेवायचे. पहाटे भाकऱ्या, दुपारी डाळ-भात-मासे, रात्री पुन्हा. खाणावळ होती ती सरळ. आणि मला काय माहीत नव्हतं? माझा सख्खा मामा तिथे जेवायचा. पण काम म्हणजे गिरणीतलं, असंच माझ्या डोक्यात. जिन्यात तुम्ही थांबलात. म्हणालात, "दारातल्या माणसाला विचारून आतल्या बाईचं लिहायचं नाही. पुन्हा असं केलंस तर मशीनवरच बस, बाहेर नेणार नाही."

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं आणि म्हटलं, तू तेच करून आलीस, दारातल्या माणसाला विचारून आलीस. मला वाटलं गप्प होईल. ती काही रागावली नाही. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि अगदी साधं विचारलं, "पण आजी, बाई स्वतः असत्या आणि मी त्यांना विचारलं असतं, तर त्या काय म्हणाल्या असत्या?"

बाई, मी तिचा रिकामा कप उचलून आत नेला. उत्तर मला ठाऊक होतं. तुम्ही तुमच्या मुलापेक्षा वेगळं काही बोलला नसतात. तुम्ही तेच म्हणाला होतात, तुमच्या निरोपाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. मी तिथे वेफर्सच्या बशा वाटत होते.

मुख्याची जागा रिकामी झाली तेव्हा सगळे धरूनच चालले होते की तुम्हाला मिळणार. ज्याला मिळाली त्याला तुम्ही शिकवलं होतं, माझ्यासारखंच, टकटक करून. मी सही घ्यायला साहेबांच्या केबिनशी उभी होते, लाकडी पार्टिशन, वर उघडं. साहेब म्हणाले, "त्याला घर चालवायचंय. तुमचे मिस्टर आहेत की." पुढे म्हणाले, तुम्ही रिपोर्ट लिहीत जा, ते तुम्हाला छान जमतं, सही तो करेल. तुम्ही तशाच बाहेर आलात, माझ्या हातातले कागद घेतलेत, एक आकडा दुरुस्त केलात. महिन्याभरात निरोपसमारंभ. साहेब बोलले, तो नवा मुख्य बोलला. मग तुम्ही उठलात आणि हसून म्हणालात, आता मुलांकडे बघायचंय, घर फार मागे पडलंय. टाळ्या. साहेबांनी सगळ्या पोरींकडे बघत मान डोलावली, बघा, याला म्हणतात संस्कार.

मी तुमच्या घरी आले होते त्यानंतर. आठवत असेल. खोताच्या वाडीच्या पलीकडे तुमची ती दोन खोल्यांची जागा, तुम्ही स्वयंपाकघरात मोड आलेले वाल सोलत बसल्या आहात, मी समोर बसते आणि न सांगता सोलायला लागते. बाहेरच्या खोलीतून तुमचे मिस्टर म्हणतात, आता कसं घर घरासारखं वाटतंय. चांगले होते ते, नाही म्हणत नाही. पण माझ्या हातातला वाल चेचला गेला. मी हळू आवाजात विचारलं, खोटं का बोललात? तुम्ही वर न बघता म्हणालात, "खरं बोलले असते तर म्हणाले असते, बायका पदावरून भांडतात. पुढच्या मुलीला घेतलं नसतं. विषय बंद." मग मला बिरडं आणि भात वाढलात. मी जेवले. चव लागली नाही, पण जेवले.

आता माझं ऐका. त्या दिवशी बोलायची माझी छाती नव्हती, आता आहे, आणि तुम्ही मध्ये टकटक करू शकत नाही. पुढच्या मुलीला घेतलं त्यांनी. हुशार होती, तुमच्याच कॉलेजची. तिला वरची जागा मिळायची वेळ आली तेव्हा तुमच्या त्या शिष्याने, साहेब झाला होता आता, तिला काय सांगितलं? आधीच्या बाईसुद्धा एवढ्या मोठ्या, पण शेवटी घराकडे गेल्या, तुम्हीही जाल, मग आम्ही काय करायचं? तिच्यानंतरच्या मुलीलाही तेच. ती तर म्हणाली, सर, मला लग्नच करायचं नाही. तरी तेच. तुमचं नाव घेऊन, बाई. आदराने. तुमचा फोटो लावला होता भिंतीवर. तुम्ही ज्या मुलींसाठी तोंड शिवून घेतलंत त्यांच्याच तोंडावर तुमचं वाक्य मारलं गेलं, आणि मी शेजारच्या टेबलावर बसून रिटायर होईपर्यंत ऐकत राहिले. तुम्हाला कळवलं नाही, तेव्हा तुमची तब्येत बिघडली होती. कळवायला हवं होतं की नको, ते मला ठाऊक नाही. पण राग मला तुमचाच येतो. साहेबाचा येत नाही, तो साहेबासारखाच वागला. तुम्ही तुमच्यासारख्या वागला नाहीत. लालबागच्या त्या बाईला तुम्ही आत जाऊन विचारलंत. स्वतःच्या वेळी मात्र दारात नवऱ्याला उभं करून आतून कडी लावलीत.

मुलीला मी सगळं सांगितलं. पार्टिशन, वेफर्स, वाल, भिंतीवरचा फोटो. ती म्हणाली, घरचे नाराज होतील, चालेल ना? म्हटलं, लिही. दोन्ही लिही. मुलगा काय म्हणाला ते, आणि मी काय ऐकलं ते. तुझी अक्कल चालव. तुम्ही असतात तर माझ्याशी बोलणं टाकलं असतंत, आणि मी ते सोसलं असतं. हे कागद काही कुठे पोचायचे नाहीत, नातवाच्या वहीची पानं फाडून लिहितेय, सून विचारते काय लिहिताय तर म्हणते सामान. पण तुमच्या माघारी तुमची गोष्ट उघडी केली आणि तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही, तेवढं तुम्हाला सांगायचं होतं.

जाताना त्या मुलीने चपला घालता घालता आणखी एक विचारलं. म्हणाली, आजी, बाई तुमच्या कोण होत्या? म्हटलं, ते तुझ्या अभ्यासात बसत नाही, जा, उशीर होईल. तिला सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही.