उभ्या गाडीवरून

आबा,

तुम्ही घाटात गेला नाहीत. हे मी तुम्हाला सांगावं यात काही अर्थ नाही, तुम्हाला ते माझ्याआधी ठाऊक होतं. पण तुम्ही गेल्यापासूनच्या चोवीस वर्षांत हे वाक्य मी कधी लिहून पाहिलं नव्हतं. तुम्ही ट्रान्सपोर्टच्या यार्डात, भर दुपारी, उभ्या गाडीवरून पडलात. इंजिन बंद होतं, चाकांना दगड लावलेले होते. मालावर चढून ताडपत्री ओढत होतात आणि दोर तुटला. झालं ते एवढंच. बाकी सगळं, तो कोंडाईबारीचा घाट, समोरून अंगावर आलेली गाडी, तुम्ही डोंगराच्या बाजूला कापलेलं स्टेअरिंग, हे तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या रचलंत आणि मी चहा गाळता गाळता ऐकलं. मला तुमचा राग आहे. तो आजचा नाही, फार जुना आहे, पण मंगळवारपासून मला तो गिळता येत नाही.

मी आता काय करते ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरीला गाड्यांतलं काय कळतं. चलथाणच्या पुढे हायवेलगत एका ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे, तिथे मी पंधरा वर्षं आहे. आधी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचे. मग बाहेरच्या मोठ्या कंपन्या माल देण्याआधी विचारायला लागल्या की तुमच्याकडे सेफ्टीचं कोण बघतं, तेव्हा आमच्या साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मला एक पिवळं जाकीट आणि एक रजिस्टर दिलं. बाई आहे, अक्षर चांगलं आहे, भरत बसेल, असं त्यांना वाटलं. मी भरलं, आणि भरता भरता वाचलंही, हे त्यांचं दुर्दैव. त्यात अपघाताच्या पानावर गाडीचा नंबर, रस्ता कोणता, समोरचं वाहन कोणतं, असे रकाने आहेत. उभ्या गाडीवरून माणूस पडला तर कुठे लिहायचं, त्याला रकानाच नाही. कोणाचं मनगट गेलं, कोणाची बरगडी मोडली, एक जण मानेला पट्टा घालून वर्षभर घरी बसला, आणि पानं कोरी. साहेब म्हणायचे, गाडी उभी होती ना, मग अपघात कसा? तुमचे शेठ डझनभर केळी घेऊन आपल्या खोलीत आले होते तेव्हा अगदी हेच बोलले होते. सहा चाकी गाड्या जाऊन चौदा चाकी आल्या, पण बोलणं तेच राहिलं.

आणि काम तरी काय बदललंय? साड्यांची पार्सलं अजूनही कॅबिनच्या वर माणूसभर उंच रचतात. हमाल माल भरतात आणि हात झटकून बाजूला होतात, त्यांचं काम तिथे संपतं. ताडपत्री कोणाचीच नाही, म्हणून ती ड्रायव्हरची. रात्रभर गाडी हाकून आलेला माणूस त्या ढिगावर चढतो, कडेला उभा राहतो, पाय रेटून, सगळं अंग मागे टाकून दोर ओढतो. तुमच्या वेळी निदान गाठींना गोणपाट असायचं, पाय धरायचा. आता सगळं गुळगुळीत प्लॅस्टिकात गुंडाळलेलं असतं. खालून मी ओरडत असते, कडेपासून मागे सरका, आणि वरचा माणूस तंबाखू मळत उभा असतो. हायवेवर मरण येतं हे त्यांना सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठी लिंबू-मिरची बांधतात, अगरबत्ती लावतात. यार्डात येतं हे कोणी त्यांना सांगितलेलं नाही. सांगू शकेल असा एक माणूस होता, आणि तो खाटेवर पडून घाटाच्या गोष्टी सांगत होता.

मला लिंबायतची आपली ती खोली जशीच्या तशी दिसते. तुमच्या पायथ्याशी स्टोव्ह आहे, माय भाकरी थापतेय, तिचं कोपर दर वेळी तुमच्या पायाला लागतं आणि तुम्हाला ते कळत नाही. शेजारच्या लूमचा खडखडाट भिंतीतून येतोय. भेटायला आलेले लोक पिठाच्या डब्यावर बसतात. पहिल्या महिन्यात गोष्टीत फक्त समोरून आलेली गाडी होती. दिवाळीपर्यंत तिच्याआड एक मोटारसायकल आली. संक्रांतीला त्या मोटारसायकलवर बाई होती आणि तिच्या मांडीवर लेकरू. त्या लेकराला वाचवायला तुम्ही गाडी डोंगरावर घातलीत. मी नववीत होते, मला सगळं समजत होतं. गाडीला ओरखडाही आलेला नव्हता. तुम्हाला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तीच गाडी, तोच माल, तोच दोर गाठ मारून, दुसरा ड्रायव्हर नागपूरला घेऊन गेला होता. पण सांगताना तुमचे हात स्टेअरिंग धरल्यासारखे वर यायचे, डोळ्यांत पाणी चमकायचं, आणि मी चहा गाळत राहायचे. बावीस वर्षं गाडी चालवून तुमच्याकडे चालवायला तेवढीच एक गाडी उरली होती. तुमची फार दया यायची मला. आजही येते, आणि त्याचाच जास्त राग येतो.

खरं तुम्ही मला एकदाच सांगितलंत. खाटेवर पडून पडून तुमच्या पाठीला झालेल्या जखमा मी धूत होते. तुमचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणूनच बोललात. सकाळी पाऊस पडून गेला होता, ताडपत्री ओली, जड झाली होती. दोर कुजलाय म्हणून तुम्ही मुनीमला दोनदा म्हणाला होतात, आणि त्यानं पुढच्या खेपेला बघू म्हटलं होतं. तुम्ही अंग मागे टाकलंत, दोर तुटला, आणि आभाळाकडे बघत तुम्ही खाली आलात. एवढं सांगून झालं आणि लगेच म्हणालात,

"कोनी इचारं तं घाटमा झायं सांगजो."

मी हो म्हटलं. आणि तरी मी एकदा खरं बोलले, ते तुम्हाला आठवत असेल. ड्रायव्हर लोकांच्या युनियनचा एक माणूस आला होता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याच यार्डात तुमच्याआधी एक ड्रायव्हर असाच वरून पडला होता, त्याचे दोन्ही पाय गेले होते. त्याच्या बाजूनं बोलायला तसाच पडलेला दुसरा माणूस हवा होता. एकाला ते खोटा म्हणतात, दोघांना म्हणता येणार नाही, असं तो समजुतीनं सांगत होता. त्यानं मला विचारलं, बेटा, वडिलांना कसं लागलं? मी म्हटलं, उभ्या गाडीवरून, दोर तुटला. तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की मायच्या हातातली भाकरी खाली पडली. पोरीला काय समजतं म्हणालात, आणि त्या माणसाला घाट सांगितलात, मोटारसायकलसकट. त्यानं वही मिटली. मला वाटतं त्याला कळलं होतं. पाणी पिऊन तो उठला, दारात थांबला, मग गेला. तो गेल्यावर तुम्ही पाण्याचा पेला भिंतीवर मारलात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. त्या दुसऱ्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तुम्हाला तरी माहीत होतं का? एकदा तरी विचारावंसं वाटलं का? तुम्हाला शेठची भीती नव्हती, तुम्हाला लाज वाटत होती. तुमच्या लाजेपायी शेठ सुटला, मुनीम सुटला, तो कुजका दोर सुटला, आणि दोन्ही पाय गेलेला तो माणूस एकटा पडला.

आता मंगळवारचं. दोन वर्षं भांडून मी आमच्या यार्डात एक लोखंडी तार ओढून घेतली आहे, दोन खांबांच्या मधे, गाडीच्या वर. तिला कडी, कडीला दोर, दोराला कमरेचा पट्टा. माणूस घसरला तर अधांतरी लटकेल, पण जमिनीवर येणार नाही. साहेब पहिल्या दिवशी हसले. "बेन, ए ड्रायव्हर छे, सर्कसनो माणस नथी," म्हणाले. तरी लावली. तरुण पोरं चेष्टा करत करत बांधायला लागली. मंगळवारी साक्रीकडचा एक जुना ड्रायव्हर आला, पंचेचाळिशीचा, आपल्याच बोलीचा, मी कोणाची पोर हे ठाऊक असलेला, सगळे त्याला मानतात. तो पट्ट्याकडे बघायलाही तयार नाही, सरळ वर चढला. मी खालून ओरडले. आवार भरलेलं होतं, हमाल, मुनीम, पाच-सहा गाड्यांचे ड्रायव्हर, सगळे बघायला लागले. हा आज असाच राहिला तर उद्या एकही जण पट्टा बांधणार नाही, हे मला दिसत होतं. तो कडेला उभा, खाली बघून हसत म्हणाला,

"ताई, तुम्हना आबानी कधी पट्टा बांधा व्हता का? घाटमा गयात, पन स्टेअरिंग नही सोडं. हाई तं उभी गाडी शे."

आबा, ऐकलंत? चोवीस वर्षं झाली तरी तुमचा घाट ढाब्याढाब्यावर फिरतोय, आणि फिरत फिरत माझ्याच यार्डात, माझ्याच तारेखाली येऊन उभा राहिला. तुम्ही एका गुळगुळीत ढिगाच्या कडेला, त्या माणसाच्या शेजारी उभे होतात आणि त्याला सांगत होतात, काही होत नाही, ओढ. मी एरवी कामावर गुजराती बोलते, नाहीतर पुस्तकी मराठी. त्या वेळी तोंडातून घरचंच आलं.

"मना आबा घाटमा नही गयात," मी म्हटलं. "अशीच उभी गाडीवरतून पडनात. अकरा महिना खाटवर सडनात."

तो म्हणाला, खोटं सांगता. मी म्हटलं, त्यांच्या पाठीच्या जखमा मी धुतल्यात, बोट आत जायचं, तुम्ही धुतल्या होत्या का? मग मी थांबलेच नाही. ओली ताडपत्री सांगितली, दोर सांगितला, मुनीमचं पुढच्या खेपेला बघू सांगितलं. तुमची लघवीची पिशवी सांगितली. माय एकटी तुम्हाला कुशीवर वळवायची आणि तुम्ही तिला शिव्या द्यायचात तेही सांगितलं. सगळ्यांसमोर. आमचा मुनीम खाली बघायला लागला. तो ड्रायव्हर जपून, हात टेकवत, त्या ढिगाच्या मधोमध खाली बसला. मी पहिल्यांदाच त्याला तिथे घाबरलेलं पाहिलं. तिथूनच म्हणाला, फेका तो पट्टा वर. त्यानं बांधला. त्याच्या मागून आलेल्या दोघांनीही बांधला. मला वाईट वाटलं नाही. खूप मोकळं वाटलं, आणि तुमच्यावर हात उचलल्यासारखंही वाटलं.

त्याची गाडी नवापूरला पोचायच्या आत गोष्ट लिंबायतला पोचली. बुधवारी सकाळी मायचा फोन. ती आता वाकलीय, पण आवाज अजून तसाच आहे. गल्लीत ती अजूनही घाटवाल्याची बायको आहे, आबा. बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, पण घाटाची गोष्ट निघाली की तिला पुढे बसवतात. ती ओरडली नाही. इतकंच म्हणाली,

"मरेल मानूसले तू आखो खाले पाडी दिन्हं."

मेलेल्या माणसाला मी पुन्हा खाली पाडलं म्हणून ती रडायला लागली. मी काय केलं असेल? मंगळवारी भर यार्डात ओरडणारी मी, मी म्हटलं, माय, मी असं काही बोललेच नाही. त्या ड्रायव्हरनं काहीतरी उलटसुलट ऐकलं असेल. ती लगेच शांत झाली. मला वाटलंच होतं, तू असं कशी बोलशील, असं म्हणून तिनं वांग्याच्या भरताचं काढलं. आता ती गल्लीभर सांगेल की तो ड्रायव्हर खोटारडा आहे, आणि ते त्याच्यापर्यंत जाईल. पंधरा दिवसांनी तो माल भरायला परत येईल, वर चढेल, आणि पट्टा हातात घेण्याआधी खाली माझ्याकडे बघेल. तुम्ही त्या युनियनच्या माणसाला घालवलंत तसं मी त्याला एका फोनमधे घालवलं. तुमच्यावर एवढी पानं रागानं लिहिली आणि माझ्या तोंडून तुमचंच बोलणं निघालं.

हे पत्र कुठे जाणार नाही, मला ठाऊक आहे. मायला लिंबायतला जाऊन, तिच्यासमोर बसून, तो पंधरा दिवसांनी यायच्या आत सगळं सांगायला हवं, हेही ठाऊक आहे. आज रविवार, मला सुट्टी आहे, रिक्षानं अर्धा तास लागतो. सकाळपासून साडी नेसून तयार आहे. खरं सांगू आबा? तिच्याकडे जायची हिंमत होत नाही म्हणून मी तुम्हाला लिहीत बसले.